स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची हरवलेली झोप : गोळीआधी हवे एकत्रित पथक

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घर झोपलेले असते. वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गृहस्थ अंथरुणातून उठतात, कपाटातले कपडे बाहेर काढतात आणि कचेरीला उशीर झाला म्हणून दाराची कडी काढू लागतात. पत्नी, मुलगी किंवा सून जागी होते, समजूत घालते, त्यांना पुन्हा निजवते. तासाभराने तोच प्रसंग पुन्हा घडतो. सकाळी रुग्ण आरामखुर्चीत डुलक्या घेत बसतो. रात्रभर जागलेल्या व्यक्तीला मात्र स्वयंपाक, मुलांचे डबे आणि स्वतःची नोकरी यांतून सुटका नसते. स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया झालेल्या लाखो रुग्णांच्या घरांत थोड्याफार फरकाने हेच घडत असते आणि अनेकदा त्याची परिणती औषधाच्या दुकानातून आणलेल्या झोपेच्या गोळीत होते.

‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. यांपैकी बहुसंख्य रुग्णांची काळजी घरीच घेतली जाते. विसरभोळेपणा, तेच तेच प्रश्न, वस्तू हरवणे हे सारे कुटुंबे दीर्घकाळ सोसतात. पण रात्रीची झोप गेली की घराचा धीर सुटतो. रुग्णाला वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात ठेवण्याचा निर्णय घेण्यामागे रात्रीचे जागरण हे एक प्रमुख कारण असल्याचे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे.

झोप का बिघडते

मानवी मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, पेशींचा एक लहानसा पुंज असतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशाच्या आधारे तो शरीराचे दिवस-रात्रीचे घड्याळ लावतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते आणि शरीर विश्रांतीकडे वळते. अल्झायमरसारख्या आजारात या पुंजातील पेशी घटतात, मेलाटोनिनची लय क्षीण होते आणि घड्याळ सैल पडते. गाढ झोपेचा काळ कमी होतो, रात्री वारंवार जाग येते आणि दिवसा झोपेचे तुकडे पडतात. मोतीबिंदूमुळे डोळ्यांत प्रकाश कमी जात असेल आणि रुग्ण दिवसभर घरातील मंद उजेडात बसून राहत असेल, तर या घड्याळाला मिळणारा उरलासुरला इशाराही नाहीसा होतो.

संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता हा याच बिघाडाशी निगडित असलेला प्रकार. दिवेलागणीच्या सुमारास रुग्ण येरझाऱ्या घालू लागतो, ‘मला घरी जायचे आहे’ असे स्वतःच्याच घरात म्हणू लागतो. लांबलेल्या सावल्या, दिवसभराचा थकवा, घरातली वाढती वर्दळ आणि भूक यांमुळे ती अधिक तीव्र होते.

मात्र प्रत्येक जागरणाचे मूळ मेंदूच्या झिजेतच असते असे नाही, आणि उपचाराची खरी संधी येथेच आहे. गुडघेदुखी, बद्धकोष्ठता, रात्री वारंवार लघवीला होणे, त्वचेची खाज, दातदुखी यांपैकी काहीही रुग्णाला जागे ठेवू शकते. त्याला ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो उठून फिरू लागतो. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, म्हणजे स्लीप अॅप्निया, झोप पुन्हा पुन्हा मोडतो. शरीरात लोह कमी असल्यास पाय सतत हलवावेसे वाटण्याचा त्रास बळावू शकतो. ‘ल्युई बॉडी’ प्रकारच्या स्मृतिभ्रंशात रुग्ण स्वप्नातील हालचाली प्रत्यक्षात करतो, ओरडतो, हातपाय झाडतो; ही खूण कित्येकदा विस्मृतीच्याही काही वर्षे आधी दिसू लागते. नैराश्य हेदेखील पहाटे लवकर जाग येण्याचे परिचित कारण आहे.

कधी कधी औषधेच झोपेच्या मुळावर येतात. स्मृतिभ्रंशासाठी दिले जाणारे डोनेपेझिल काही रुग्णांमध्ये निद्रानाश किंवा विचित्र स्वप्ने निर्माण करते. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची वेळ रात्रीऐवजी सकाळी केल्यास फरक पडू शकतो. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्र स्वच्छतागृहाच्या वाटेवरच जाते.

गोळीची मर्यादा

झोपेची गोळी हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग आहे. पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी तो सर्वांत सुरक्षित मार्ग नव्हे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या औषधांनी वृद्धांमध्ये तोल जाणे, पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि गोंधळ वाढणे यांचा धोका असतो. रात्रीची गुंगी सकाळी उतरत नाही, रुग्ण दिवसा झोपतो आणि पुढची रात्र पुन्हा जागतो. सर्दी-अॅलर्जीच्या काही जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या तर स्मरणशक्तीसाठी आवश्यक असलेल्या ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या कार्यातच अडथळा आणतात. म्हणजे एक गोळी जे साधू पाहते, ते दुसरी गोळी पुसून टाकते.

तीव्र मनोविकारांवरील औषधांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये गंभीर इशारा दिला होता : स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीच्या अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. पुढे तो इशारा जुन्या औषधांनाही लागू करण्यात आला. ल्युई बॉडी प्रकारच्या रुग्णांमध्ये यांतील काही औषधांची प्रतिक्रिया अतिशय तीव्र असू शकते. रुग्णाला किंवा इतरांना इजा होण्याची भीती असताना अशी औषधे अल्पकाळ, देखरेखीखाली द्यावी लागतात. केवळ झोप यावी म्हणून ती देणे योग्य नव्हे.

पुराव्यांचे काटेकोर परीक्षण करणाऱ्या कोक्रेन समूहाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशातील निद्रानाशावरील औषधांचा आढावा घेतला. त्यात केवळ नऊ चाचण्या निकषांवर उतरल्या. मेलाटोनिनचा अल्झायमरच्या रुग्णांना झोपेसाठी लाभ होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. ट्रॅझोडोनच्या अल्प मात्रेबाबत आणि ओरेक्सिन या रसायनाला रोखणाऱ्या नव्या औषधांबाबत थोडेफार आशादायक संकेत दिसले. सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या अनेक झोपेच्या गोळ्यांबाबत मात्र या रुग्णांवर केलेली एकही योग्य चाचणी सापडली नाही.

एका डॉक्टरला न पेलणारे काम

कारणे इतकी विविध असल्याने ती एकाच व्यक्तीला, दहा मिनिटांच्या भेटीत उलगडत नाहीत. म्हणून जगभर पथकाने करावयाच्या शुश्रूषेचा विचार पुढे आला. यात प्रत्येकाचे काम ठरलेले असते. कौटुंबिक डॉक्टर किंवा वृद्धरोगतज्ज्ञ वेदना, संसर्ग, मधुमेह, मूत्रविकार तपासतात. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ स्मृतिभ्रंशाचा प्रकार, नैराश्य आणि भास यांकडे पाहतात. औषधनिर्माणतज्ज्ञ सर्व औषधांची एकच यादी करून वेळा आणि परस्परविरोध तपासतो. परिचारिका कुटुंबाच्या संपर्कात राहते. व्यवसायोपचारतज्ज्ञ घराची पाहणी करून दिवसाचा कार्यक्रम आखतो : स्वच्छतागृहाच्या वाटेवर मंद दिवा, घसरणारी सतरंजी काढणे, दाराला घंटी. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक काळजी घेणाऱ्या व्यक्तीशी बोलतो. समाजसेवक मदतीच्या योजना आणि दिवसा सांभाळणारी केंद्रे यांची माहिती देतो.

या पथकाचा खरा आधारस्तंभ म्हणजे घरातील काळजी घेणारी व्यक्ती. रुग्ण किती वाजता उठला, उठून काय शोधत होता, दुपारी किती झोपला, हे तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. म्हणून पहिली पायरी असते एक ते दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही. झोपण्याची आणि उठण्याची वेळ, डुलक्या, चहा-कॉफी, औषधांच्या वेळा, लघवी, वेदनेच्या खुणा आणि रात्रीचे प्रसंग तिच्यात लिहिले जातात. अनेकदा ही साधी वहीच कारण दाखवून देते. दुपारी तीन तास झोपलेला आणि संध्याकाळी सात वाजता अंथरुणावर पडलेला माणूस रात्री दोन वाजता जागा झाला, तर त्याची झोप पूर्ण झालेली असते. चूक वेळापत्रकाची असते.

पथकात एक व्यक्ती समन्वयक असणे सर्वांत महत्त्वाचे. ती नसेल तर प्रत्येक तज्ज्ञ आपापली चिठ्ठी लिहितो आणि कुटुंबाच्या हाती सल्ला पडण्याऐवजी गोळ्यांची पिशवी पडते. अमेरिकेतील इंडियानामध्ये १५३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विशेष प्रशिक्षित परिचारिकेने प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांसह वर्षभर असा समन्वय साधला. त्या गटात रुग्णांच्या वर्तनविषयक तक्रारी आणि काळजीवाहकांचा ताण, दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी झाले.

गोव्याचा धडा

तज्ज्ञांची एवढी फौज भारतात, विशेषतः तालुक्याच्या गावी, मिळणार कशी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर गोव्यातून आले. ‘संगथ’ या संस्थेशी संबंधित डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसह केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या, स्थानिक भाषा जाणणाऱ्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन गृहसेवा सल्लागार म्हणून नेमण्यात आले. ते सहा महिने, किमान पंधरा दिवसांतून एकदा, रुग्णाच्या घरी जात. आजाराची माहिती देणे, वर्तन कसे हाताळावे हे सांगणे, शेजारी-नातेवाइकांना मदतीत ओढणे ही त्यांची कामे होती. समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यावर देखरेख ठेवत. गरज पडल्यासच औषध दिले जाई.

सहा महिन्यांनंतर काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्णांच्या लक्षणांत आणि कार्यक्षमतेत मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक फरक दिसला नाही. हा निष्कर्ष दोन्ही अंगांनी बोलका आहे. थोड्या प्रशिक्षणाने तयार झालेला स्थानिक कार्यकर्ता कुटुंबाला तारू शकतो; आजार मात्र आपल्या गतीने जातच राहतो. ही चाचणी केवळ झोपेसाठी नव्हती, पण रात्रीची काळजी ज्या खांद्यांवर असते ते सावरता येतात, हे तिने भारतीय परिस्थितीत दाखवून दिले.

झोपेवरच लक्ष केंद्रित केलेला प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी आखलेल्या ‘ड्रीम्स स्टार्ट’ या कार्यक्रमाची ३७७ जोड्यांवर, म्हणजे रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती यांच्यावर, झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. काळजी घेणाऱ्यांसाठी सहा सत्रे होती. ती घेणारे कार्यकर्ते स्वतः वैद्यकीय तज्ज्ञ नव्हते. त्यांना प्रशिक्षण आणि तज्ज्ञांची देखरेख मिळत होती. आठ महिन्यांनंतर या गटातील रुग्णांच्या झोपेच्या तक्रारी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होत्या. गोवा आणि इंग्लंड यांची परिस्थिती अगदी वेगळी, पण सूत्र एकच : तज्ज्ञाने दिशा द्यावी, प्रशिक्षित कार्यकर्त्याने घरापर्यंत पोहोचावे आणि कुटुंबाला निर्णयात सहभागी करून घ्यावे.

दिवस सुधारला तर रात्र सुधारते

या कार्यक्रमांचा गाभा रात्रीपेक्षा दिवसाशी अधिक निगडित आहे. सकाळचा भरपूर उजेड, दिवसभर बेताची हालचाल, ठरलेल्या वेळी जेवण आणि उठण्या-झोपण्याची स्थिर वेळ हे त्याचे चार आधार. भारतात उजेडाला तोटा नाही. सकाळचा चहा अंगणात किंवा गॅलरीत देणे, कोवळ्या उन्हात अर्धा तास चालवून आणणे, तुळशीला पाणी घालणे, भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी परिचयाची कामे रुग्णाकडून करून घेता येतात. कडक उन्हाळ्यात ही वेळ पहाटेकडे सरकवावी. दुपारची डुलकी लवकर आणि अर्ध्या तासापुरती असावी. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. पाणी दिवसा भरपूर द्यावे आणि झोपेच्या तोंडावर कमी करावे.

संध्याकाळी सावल्या लांबण्याआधीच दिवे लावावेत. दूरचित्रवाणीवरील मारामारीचे प्रसंग, मोठे आवाज, पाहुण्यांची गर्दी या वेळी नको. परिचित भजन, मंद संगीत, पायांना तेल लावणे अशा नेमाच्या गोष्टी रुग्णाला रात्र झाल्याची खूण पटवतात. तो रात्री उठून ‘कचेरीला जायचे’ म्हणाला तर वाद घालू नये. ‘आज सुटी आहे, आपण थोडे पाणी पिऊ’ असे शांतपणे म्हणून वेळ मारून नेणे अधिक परिणामकारक ठरते. वेदना, लघवी, भूक, थंडी यांपैकी काही आहे का, हे आधी पाहावे.

या उपायांचे बळ आणि मर्यादा दोन्ही तपासल्या गेल्या आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातील सुसान मॅककरी यांच्या २००५ मधील छोट्या चाचणीत, ३६ रुग्णांच्या घरी चालणे, प्रकाश आणि झोपेच्या सवयी यांचा एकत्रित कार्यक्रम दिल्यावर रात्री जागे राहण्याचा वेळ कमी झाला. २०११ मधील १३२ रुग्णांच्या पुढील चाचणीत दोन महिन्यांनी लाभ दिसला. सहा महिन्यांनी तो टिकला नव्हता. आठवड्यातून किमान चार दिवस नेम पाळणाऱ्यांना लाभ अधिक झाला होता. कार्यक्रम सुरू करण्यापेक्षा तो टिकवणे कठीण, आणि त्यासाठीच पाठपुरावा करणारे पथक लागते, असा त्याचा अर्थ.

नेदरलँड्समधील १२ निवासी केंद्रांत १८९ वृद्धांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसभर उजळ प्रकाश ठेवल्याने आकलनातील घसरण किंचित मंदावली आणि उदासी कमी झाली. केवळ मेलाटोनिन दिलेल्यांना थोडी अधिक झोप लागली, पण त्यांचा मूड खालावला. २०२३ मधील कोक्रेनच्या औषधेतर उपायांच्या आढाव्यात मात्र प्रकाशोपचाराचा झोपेवर स्पष्ट परिणाम दिसला नाही. शारीरिक हालचाल, सामाजिक सहवास आणि काळजी घेणाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा अल्प लाभ होऊ शकतो, असे त्यात नमूद केले आहे. एखादाच उपाय चमत्कार घडवील, ही अपेक्षा म्हणूनच बाळगू नये.

धोक्याची खूण

एक फरक प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा. झोप हळूहळू, काही महिन्यांत बिघडली असेल तर वही आणि नियोजन यांना वेळ आहे. पण काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत रुग्ण अचानक गोंधळला, रात्रभर बडबडू लागला, भास होऊ लागले किंवा अतिशय सुस्त झाला, तर तो ‘डेलिरियम’ असू शकतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी कमी होणे, तीव्र बद्धकोष्ठता, नवे औषध किंवा पडल्याने डोक्याला झालेली इजा यांपैकी काहीही त्यामागे असते. अशा वेळी झोपेची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

जागणाऱ्याची झोप

पथकाच्या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे काळजी घेणाऱ्या व्यक्तीची झोप. भारतीय घरांत ही जबाबदारी बहुधा एका स्त्रीवर येते आणि ती कर्तव्याच्या नावाखाली गृहीत धरली जाते. सतत तुटलेल्या झोपेमुळे तिचा रक्तदाब, मनःस्थिती आणि संयम ढासळतो. रुग्णावर ओरडल्याची अपराधी भावना वेगळीच. चांगले पथक रुग्णाच्या तपासणीतच तिलाही प्रश्न विचारते : गेल्या आठवड्यात सलग सहा तास किती रात्री झोप मिळाली? उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर रात्रीच्या पाळ्या वाटून घेणे, आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या नातेवाइकाने किंवा पगारी मदतनिसाने सांभाळणे, दिवसा देखभाल केंद्राचा आधार घेणे हेदेखील उपचारपत्रकावर लिहिले जायला हवे.

भारतात १९९२ मध्ये केरळमधून सुरू झालेली ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ आपल्या शाखांमार्फत कुटुंबांना मार्गदर्शन करते. केंद्र सरकारचा वयोवृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ पासून राबवला जात आहे. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘एल्डरलाइन’ची १४५६७ ही क्रमांकसेवा निःशुल्क उपलब्ध आहे. पूर्ण पथक जवळ नसले, तरी कौटुंबिक डॉक्टर, दूरध्वनीवरून सल्ला देणारा तज्ज्ञ, गावातील आरोग्य कार्यकर्ती आणि दोन नातेवाईक एवढ्यांनीही सुरुवात होऊ शकते. त्यांच्यातील एकाने समन्वयाची जबाबदारी उचलावी आणि सर्वांसमोर एकच नोंदवही असावी, एवढीच पूर्वअट आहे.

स्मृतिभ्रंश बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. रात्री जागणाऱ्या घराला दोन-तीन तासांची अधिक झोप मिळवून देणे मात्र पुष्कळदा शक्य असते, आणि रुग्णाने आपल्याच घरी, आपल्या माणसांत आणखी काही वर्षे राहावे की नाही, हे कित्येकदा त्या दोन-तीन तासांवरच ठरते.